तुम्ही पुस्तक वाचलंत, नात मालिका वाचतेय

पत्र असं आलं आहे:

‘मी निवृत्त शिक्षिका, मुक्काम सातारा. आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये दर शनिवारी दुपारी मुलांसाठी वाचनालय चालवते. दोन लोखंडी कपाटं, एक सतरंजी आणि चाळीसेक मुलं. शिक्षकांसाठी निघणाऱ्या एका मासिकानं मला एका बालरहस्य मालिकेच्या चौथ्या भागाचं परीक्षण मागितलं, सहाशे शब्दांत. आधीचे तीन भाग मी वाचलेले नाहीत. गोष्ट अशी, की शाळेच्या शताब्दीच्या प्रदर्शनात मांडलेला ताम्रपट रातोरात नाहीसा होतो आणि चार मुलं त्याच्या मागावर निघतात. एकशे वीस पानांचं पुस्तक, पण चोर कोण ते मला बावन्नाव्या पानावरच कळलं. मग उरलेलं पुस्तक मी नेट लावून संपवलं. माझी नात पाचवीत आहे. तिचे चारही भाग वाचून झालेत. हा भाग तिनं पांघरुणात टॉर्च घेऊन एका रात्रीत संपवला. मी म्हटलं, चोर तर लगेच कळतो की गं. तर म्हणाली, “आजी, तू चुकीचं वाचतेस. चोराचं काय एवढं! त्या दोघींचं भांडण मिटतं का ते बघायचं.” मी परीक्षण लिहून पाठवलं, ते परत आलं. वर संपादकांचा शेरा: “बाई, तुम्ही चोर सांगितलात.” आता चोर सांगायचा नाही, तर रहस्यकथेबद्दल लिहायचं तरी काय? शिवाय लेखिका माझ्या जुन्या सहकारी बाईंची मुलगी. पुस्तक तिनंच सही करून पाठवलंय.
– गोंधळलेल्या बाई’

प्रिय बाई,

पत्राबरोबर परत आलेला मसुदाही जोडलात, हे फार बरं केलंत. मी शब्द मोजले. अकराशे चाळीस भरले. त्यातले नऊशेच्या वर गोष्ट सांगण्यात गेलेत, आणि ताम्रपट सापडतो तिथं तुम्ही उद्गारचिन्हही दिलंय. तुमचा एकटीचा दोष नाही. आपण सगळे शाळेत ‘वाचलेल्या पुस्तकाचा सारांश लिहा’ करत वाढलो, आणि तुम्ही तर तीसेक वर्षं तो तपासलाही असेल. मराठीत परिचय आणि परीक्षण हे दोन शब्द आहेत खरे, पण बहुतेक ठिकाणी परिचयाच्याच अंगात परीक्षणाचा सदरा घातलेला असतो. इतर पुस्तकांत ते खपून जातं. रहस्यकथेत नाही खपत.

लहानपणी आमच्या गावच्या वाचनालयातून मी एक रहस्यकथा आणली होती. नवव्या पानावर एका माणसाच्या नावाखाली पेन्सिलीनं रेघ मारलेली, आणि समासात बारीक अक्षरात लिहिलेलं: ‘हाच चोर.’ मी ते पुस्तक मिटून आईकडे गेले आणि रडले. आई म्हणाली, वाच तरी. वाचलं. ती पेन्सिलवाली व्यक्ती चुकली होती! चोर दुसराच निघाला. एवढंच नाही, त्या चुकीच्या माणसावर अख्खं पुस्तकभर डोळा ठेवल्यामुळे मला दुप्पट मजा आली होती. तरीही त्या पेन्सिलीला मी अजून माफ केलेलं नाही. परीक्षण लिहिणाऱ्याच्या हातात तीच पेन्सिल असते. फरक इतकाच, की ती एका प्रतीवर चालत नाही, सगळ्या प्रतींवर चालते.

आता गोष्ट किती सांगायची? माझा हिशेब साधा आहे. काय हरवलं, कुठून हरवलं, कोण शोधतंय आणि त्यांची पहिली अडचण काय, इथं थांबायचं. एकशे वीस पानांच्या पुस्तकात हे बहुधा वीस-पंचवीस पानांत उरकतं. पुढचं लेखिकेचं आणि वाचकाचं खासगी. मलपृष्ठावरच्या मजकुराच्या भरवशावर राहू नका. पुष्कळदा तो घाईत लिहिलेला असतो आणि निम्मं गुपित तिथंच सांडलेलं असतं.

पण चोराचं नाव न घेताही चोर सांगता येतो, बाई. तुमच्या मसुद्यात हे तीन ठिकाणी झालंय. ‘शेवट वाचून माणसांवरचा विश्वासच उडतो’ असं तुम्ही म्हणता. झालं! मुलांना लगेच कळतं, की जो सगळ्यात विश्वासू वाटतो तोच. दुसरीकडे तुम्ही एका दुय्यम पात्राचं चित्रण ‘विशेष लक्षात राहणारं’ म्हणून वाखाणलंय. चार मुलं, मुख्याध्यापक, शिपाई, पाहुणे इतिहासतज्ज्ञ अशी सगळी मंडळी सोडून परीक्षण लिहिणारी बाई याच एकाचं कौतुक का करतेय? दहा वर्षांचं पोर इथं टॉक करून जीभ वाजवेल. तिसरं म्हणजे शेवटाचं नुसतं वर्णन. ‘अनपेक्षित कलाटणी’ म्हटलं, की वाचक पहिल्या पानापासून कलाटणीची वाट बघत बसतो आणि ती आली की म्हणतो, एवढीच? कलाटणी आहे हेही गुपितच असतं.

आता तुमच्या मुख्य अडचणीकडे येते. ती अडचण तुम्ही पत्रात ओझरती लिहिलीत आणि तिचं उत्तर नातीनं दिलंय, ते तुमच्या लक्षात आलेलं नाही. तुम्ही पुस्तक वाचलंत. ती मालिका वाचतेय.

मालिका दोन जातीच्या असतात. काही माळेतल्या मण्यांसारख्या. कुठलाही मणी उचला, तो पुरता गोल असतो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या. फुरसुंगीचा बनेश, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सायकलवर वाऱ्यासारखा सुटणारा, आणि काही सुचलं की ‘टॉक’ करणारा. कुठलंही पुस्तक आधी वाचा, दहा पानांत तो ओळखीचा होतो. एनिड ब्लायटनची पाच जणांची टोळी तशीच. १९४२ ते १९६३ या काळात त्यांची एकवीस पुस्तकं आली. चार मुलं, एक कुत्रा, आणि पुन्हा पुन्हा सुटीच. इतक्या सुट्या नीट मोजल्या तर त्या मुलांची लग्नं व्हायला हवी होती, पण मुलं काही मोठी होत नाहीत आणि त्याबद्दल कुणी वाचक तक्रारही करत नाही. अशा मालिकेतल्या एका पुस्तकाबद्दल लिहिताना मागचं वाचलेलं नसलं तरी तसं बिघडत नाही.

दुसरी जात जिन्याची. लेमनी स्निकेट या नावानं इंग्रजीत तीन अनाथ भावंडांची तेरा पुस्तकं आली, १९९९ ते २००६. तिथं प्रत्येक पुस्तकात मागच्याचं ओझं पुढं येतं. सातव्या पायरीवर थेट उडी मारलीत तर पाय मुरगळणार.

आणि काही मालिका मण्यांच्या असतात, पण मधूनच एखादा मणी माळेचा रंगच बदलून टाकतो. सत्यजित रायांचा बंगाली गुप्तहेर फेलूदा १९६५ मध्ये ‘संदेश’ मासिकात पहिल्यांदा आला तेव्हा फक्त फेलूदा होता आणि गोष्ट सांगणारा त्याचा धाकटा चुलतभाऊ तोपशे. १९७१ च्या ‘सोनार केल्ला’त राजस्थानकडे जाताना रेल्वेच्या डब्यात त्यांना एक गृहस्थ भेटतात: लालमोहन गांगुली, ‘जटायू’ या नावानं खळबळजनक कादंबऱ्या लिहिणारे. तिथून पुढं जोडीचं त्रिकूट झालं, आणि हे त्रिकूट एका गोष्टीत थेट आपल्या वेरूळपर्यंत येऊन गेलं. (मराठीत अशोक जैन यांनी फेलूदा आणला, तुमच्या कपाटात नसेल तर आधी ती सोय करा.) आता कुणी जटायू असलेली गोष्ट आधी वाचली आणि मग मागची एखादी हातात घेतली, तर तो विचारणारच, की ते विनोदी काका कुठं गेले? मालिकेतल्या पुस्तकाबद्दल लिहिताना ही माहिती वाचकाच्या कामाची. या पुस्तकापासून सुरुवात केली तर चालेल का? नाही, तर कुठून करायची? तुमच्या अकराशे चाळीस शब्दांत हे एका ओळीतसुद्धा नाही. हा चौथा भाग आहे, हेदेखील तुम्ही शेवटच्या परिच्छेदात सांगता.

नातीच्या बोलण्यावरून ही तुमची मालिका जिन्याची दिसते. दोन मैत्रिणींचं भांडण तिसऱ्या भागात झालं असणार आणि ती पोर सहा-आठ महिने, पुढचा भाग येईपर्यंत, ते मनात घेऊन बसली असणार. ताम्रपट तिच्यासाठी निमित्त आहे. तुमच्या मसुद्यात त्या भांडणावर एकच ओळ आहे: ‘मुलींमधील किरकोळ रुसवेफुगवे कथानकाचा वेग मंदावतात.’ ही ओळ पुसू नका, जपून ठेवा. पहिले तीन भाग वाचून झाल्यावर पुन्हा काढून वाचा. मला वाटतं तुम्हीच ती खोडाल. आणि नाहीच खोडावीशी वाटली, तर ती टीका खरी आणि वजनाची होईल, कारण तेव्हा तुम्ही मालिकेला म्हणत असाल की हा धागा तू ताणतेयस.

म्हणजे आधीचे भाग वाचायचेच. तिन्ही. ही काही तीन जाडजूड कादंबऱ्यांची गोष्ट नाही; शंभर-सव्वाशे पानांची पुस्तकं, दोन दुपारचं काम. एक कारण वर सांगितलं. दुसरं जास्त गंभीर आहे. तुम्ही चौथ्या भागाचा चोर सांगितलात तो सांगितलातच, पण न वाचलेल्या दुसऱ्या भागाचंही गुपित फोडलंत! तुमचं वाक्य आहे: ‘पूर्वी संशयाच्या भोवऱ्यात सापडलेला मुलगा आता चौकडीचा आधारस्तंभ आहे.’ हे तुम्ही चौथ्या भागाच्या सुरुवातीच्या ‘आधी काय घडलं’मधून उचललं असणार. पण ज्या मुलानं दुसरा भाग अजून वाचलेला नाही, त्याला आता कळलं की त्या मुलावरचा संशय खोटा आहे. दुसऱ्या भागातला निम्मा ताण गेला. मालिकेबद्दल लिहिणं याच्यामुळे अवघड. इथं पाठीमागची दारंही लावून घ्यावी लागतात. मी स्वतः असं करते: चौकडीची ओळख करून देताना प्रत्येकाबद्दल तेवढंच लिहिते, जेवढं पहिल्या भागाच्या पहिल्या प्रकरणात कळतं. कोण कुठून येऊन मिळाला, कोण आधी शत्रू होता, कोणाचे बाबा परत आले, यातलं काहीही नाही.

आता बावन्नावं पान.

बाई, तुम्ही एकसष्ट वर्षांच्या आहात, असं पत्रात लिहिलंय. इतकी वर्षं वर्गात ‘कोणी केलं हे?’ विचारत उभं राहिलेल्या बाईला बावन्नाव्या पानापर्यंत चोर कळला नाही, हेच मला पुस्तकाच्या बाजूचं वाटतं. मोठ्या माणसाला चोर ओळखता आला म्हणून बालरहस्य फसलं, असं नसतं. बघायचं ते वेगळंच: ज्या मुलासाठी लिहिलंय त्याला ओळखता येण्याची संधी मिळाली का, आणि ओळखल्यावरही त्यानं पुढं वाचलं का.

‘सोनार केल्ला’चा सिनेमा रायांनीच काढला, १९७४ मध्ये. पुस्तक बंगालीत एवढं वाचलं गेलेलं, की गुपित गुपित राहिलेलंच नव्हतं. मग त्यांनी काय केलं? दुष्ट कोण हे पडद्यावर सुरुवातीलाच उघड करून टाकलं. प्रेक्षकाला ठाऊक, आणि फेलूदाला मात्र नाही. ‘अरे, तो तुझ्या शेजारीच बसलाय!’ असं ओरडावंसं वाटत मुलं सिनेमा बघतात. जैसलमेरचा किल्ला येईपर्यंत खुर्चीला टेकत नाहीत. म्हणजे चोर कळल्यावरही गोष्ट धरून ठेवू शकते. तुमची गोष्ट बावन्नाव्या पानानंतर तुम्हाला धरून ठेवू शकली नाही. ही टीका होऊ शकते. ‘चोर लगेच कळतो’ ही होऊ शकत नाही.

संधीबद्दल एक जुना दाखला देते. जर्मन लेखक एरिश केस्टनरचं ‘एमिल’ १९२९ मध्ये आलं. पुढच्या परिच्छेदात मी त्यातलं गुपित फोडणार आहे. ज्यांनी वाचलेलं नाही त्यांनी खुशाल एक उडी मारावी. (पाहिलंत ना, असं आधी सांगून फोडता येतं. मात्र जवळपास शंभर वर्षांच्या पुस्तकाचं. गेल्या महिन्यात आलेल्याचं नाही.)

एमिलची आई गावात लोकांचे केस धुऊन-विंचरून पैसे साठवते. त्यातले एकशे चाळीस मार्क ती त्याच्याजवळ देऊन त्याला एकट्याला बर्लिनला आजीकडे पाठवते. एकशे वीस आजीला, वीस त्याला. एमिलला धाकधूक. गाडीत तो कोटाला लावलेली टाचणी काढतो आणि नोटा, पाकीट आणि कोटाचं अस्तर अशी तिन्हीतून आरपार खुपसतो. त्याला डुलकी लागते, जागा होतो तर पैसे गायब आणि समोरचा गोल टोपीवाला माणूसही गायब. चोर कोण याची वाचकाला पहिल्यापासून खात्री. पुढं अर्ध्या बर्लिनमधली पोरं त्या माणसाच्या मागे लागतात. पण नोटा एमिलच्याच हे सिद्ध कसं करायचं? नोटांवर काही नाव नसतं. तर, टाचणीची भोकं! ती टाचणी लेखकानं तुमच्या डोळ्यांदेखत खुपसलेली असते. भित्र्या मुलाचा एक चाळा म्हणून तुम्ही ती वाचून सोडून देता.

रहस्यकथा मुलांशी प्रामाणिक आहे का, हे मी या टाचणीवर जोखते. आधी दाखवली होती का? दाखवून लपवली होती का? योगायोगानं त्याच १९२९ मध्ये इंग्लंडात रोनाल्ड नॉक्स नावाच्या, स्वतः रहस्यकथा लिहिणाऱ्या धर्मगुरूनं अशा कथांसाठी दहा नियम सांगितले. गुन्हेगार गोष्टीत लवकर भेटलेला असावा, शोधणाऱ्याला सापडलेला धागा वाचकालाही लगेच दिसावा, भुताखेतांवर भार टाकू नये, हे त्यातले. आणखी एक नियम असा, की गुप्त खोली किंवा भुयार एकापेक्षा जास्त नको. हा मात्र मुलांना विचारून केलेला नाही. मुलांच्या पुस्तकात भुयार एकच असेल तर ते कमी आहे.

तेव्हा पुस्तक पुन्हा वाचा, या वेळी शेजारी वही ठेवून. चोर माहीत असताना दुसऱ्यांदा वाचणं हेच परीक्षण लिहिणाऱ्याचं खरं वाचन. जिथं जिथं धागा दिसेल तिथला पान क्रमांक वहीत टिपा. (पुस्तकात नाही. पेन्सिल लांब ठेवा.) तुम्हाला बावन्नाव्या पानावर ज्या गोष्टीमुळे कळलं, ती तुम्ही मला लिहिली आहे, ती मी इथं छापत नाही. पण ती त्याआधी दोनदा येऊन गेली असेल, तर लेखिकेनं टाचणी व्यवस्थित खुपसली आहे. आणि शेवटच्या प्रकरणात चोराला पकडताना जी गोष्ट पुरावा म्हणून येते, ती आधी कुठंच नसेल, तर मात्र तसं स्पष्ट लिहा. पान क्रमांकही लिहू नका, वस्तूचं नावही नको. ‘शेवटी वापरलेला पुरावा वाचकाला आधी दाखवलेला नाही’ एवढं पुरे. मुलं यावर मोठ्यांपेक्षा जास्त चिडतात. त्यांना ती लबाडी वाटते, आणि ते बरोबर आहे.

तुमच्या मसुद्यातला मला सगळ्यात आवडलेला परिच्छेद तुम्ही भीत भीत कंसात टाकलाय. तुम्ही इतिहास शिकवायच्या, हे तिथं कळलं. पुस्तकात ताम्रपट गुंडाळी करून नळीत लपवलाय आणि मुलं तो पाच मिनिटांत वाचून काढतात, यावर तुमचा आक्षेप आहे. तो कंसातून बाहेर काढा! ताम्रपट म्हणजे तांब्याचे जाड पत्रे. राजानं दिलेल्या दानाची नोंद बरीच वर्षं टिकावी म्हणूनच ते कोरलेले असायचे. पुष्कळदा दोन-तीन पत्रे एका कडीत ओवलेले आणि कडीवर राजमुद्रा. राष्ट्रकूट-शिलाहारांच्या काळातला असेल तर बहुतेक मजकूर संस्कृतात, अक्षर जुन्या वळणाचं. त्याची सुरळी होत नाही आणि पाचवी-सहावीतल्या मुलांना तो घडाघडा वाचता येत नाही. हा पंतोजीपणा ठरेल का, असं तुम्हाला वाटलं. नाही ठरत. रहस्यकथेत वस्तूच्या गुणधर्मावर उलगडा उभा असतो. नोटेला भोक पडतं म्हणून एमिलला पैसे परत मिळतात; पत्र्याची गुंडाळी होत नसेल तर ही चोरी होतच नाही. (मात्र परीक्षणात ‘नळीत लपवलाय’ हे लिहू नका. ‘ताम्रपटाची जाडी आणि वजन लेखिकेनं विचारात घेतलेलं नाही’ असं लिहा.) रायांनी ही गंमत मालिकेच्या आतच बसवली आहे. जटायूंच्या कादंबऱ्यांत ढोबळ चुका, आणि फेलूदा त्या दाखवतो. उंट पाणी कुठं साठवतो, याबद्दलची त्यांची समजूत तो पहिल्या भेटीतच दुरुस्त करतो. समीक्षकच डब्यात शेजारी बसवलेला! आणि तरी दोघांची दोस्ती जमते, हे तुमच्या लेखिकेच्या संदर्भात लक्षात ठेवायला हरकत नाही.

तिच्याबद्दल फार लिहीत नाही. संपादकांना फोन करून ओळख आहे हे सांगा, आणि लेखाच्या शेवटी एक ओळ द्या. ते नको म्हणाले तर दुसऱ्या कुणाला लिहू द्या. ‘ओळख आहे म्हणून जरा कडकच लिहिते’ असा एक मोह होतो, तोही आवरा. लिहिण्याआधी तिला काही दाखवू नका. सही केलेली प्रत वाचनालयात ठेवा, कपाटात कडीकुलपात नको.

तुमचं परीक्षण वाचणार शिक्षक. त्यांना वर्गाच्या पेटीसाठी पुस्तकं निवडायची असतात, आणि पैसे मोजके. त्यांना जे हवं ते मसुद्यात नाही. पानं किती, किंमत किती. टाइप केवढा आहे, जोडाक्षरांवर अडखळणारं तिसरी-चौथीचं मूल तो वाचेल का. एखादं मूल कोंडलं जातं का, मारहाण आहे का, कुणी मरतं का; हे सांगितलं म्हणून गुपित फुटत नाही, ‘एका प्रसंगात मुलगा अंधारात अडकतो, घाबरट मुलांनी सोबत वाचावं’ एवढं म्हणता येतं. मुली नुसत्या डबे भरून देतात की त्याही भुयारात उतरतात. शिपायाच्या तोंडी कुठली बोली घातलीय, आणि ती हसण्यासाठी घातलीय का. साताऱ्याकडची असेल तर तुमच्या कानाला एका वाक्यात कळेल.

आणि मुलांना विचारा. तुमच्याकडे चाळीस आहेत, मोठमोठ्या मासिकांच्या समीक्षकांकडे एकही नसतं. ‘आवडलं का?’ विचारू नका. बाईंनी विचारलं की सगळे हो म्हणतात. शनिवारी सतरंजीवर पहिली पाच प्रकरणं मोठ्यांदा वाचा आणि पुस्तक मिटा. चिठ्ठ्या वाटा, ज्याला ज्याचा संशय त्यानं नाव लिहून घडी करायची. चिठ्ठ्यांत चार-पाच वेगवेगळी नावं निघाली तर लेखिकेनं संशय नीट वाटलाय. सगळ्यांनी एकच नाव लिहिलं आणि ते बरोबर असेल, तर तुमच्या बावन्नाव्या पानाला आधार मिळाला. आणि पुढं वाचा म्हणून कोण किती कटकट करतं, तेही बघा. परीक्षणात या सगळ्यातलं एखादंच वाक्य येऊ द्या. नातीचं ‘तू चुकीचं वाचतेस’ हे मात्र जसंच्या तसं घ्या. फक्त तिच्या गोडव्यासाठी नको, तिथून तुमचा युक्तिवाद सुरू होतो म्हणून.

सुरुवात मी अशी केली असती: ‘शाळेच्या शताब्दीला मांडलेला ताम्रपट सकाळी जागेवर नसतो. खोलीला कुलूप तसंच. चार मुलं शोधाला लागतात, पण त्यांतल्या दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. का बोलत नाहीत, हे तिसरा भाग वाचलेल्यांना ठाऊक आहे. ज्यांनी वाचला नसेल त्यांनी आधी तो आणावा.’ पन्नासच्या आत शब्द, आणि गोष्ट सांगून संपली. उरलेल्या साडेपाचशेत टाचणी, ताम्रपटाची जाडी, टाइप, भांडण. कमीच पडतील, बघा.

एक राहिलं. सत्त्याऐंशीव्या पानावरच्या चित्रात चोराचा चेहरा दिसतो आणि त्याचं नाव येतं एक्याण्णवव्या पानावर, असं तुम्ही पत्राच्या मागच्या बाजूला लिहिलंय. चूक मोठीच आहे, पण परीक्षणात नको. छापून आलं की सगळी मुलं आधी सत्त्याऐंशी उघडतील. अंक निघाल्यावर लेखिकेला फोन करा, पुढच्या आवृत्तीत चित्र चार पानं पुढं सरकवता येईल. पाचवा भाग अजून चित्रकाराकडे गेलेला नसेल, तर उत्तमच.